तात्यासाहेबांचं गेट आणि आमचा भूकंप

शेतातून चालून आलं की लुगड्याला कुसळं चिकटतात, आणि शाळेत नोकरी केली की किस्से. मुद्दाम कुणी जमवत नाही. घरी येऊन बसलं की टोचायला लागतात, मग एकेक उपटत बसायचं. माझ्याकडे भूकंपाचीच एवढी कुसळं निघाली की म्हटलं, आता ही लिहूनच टाकावीत.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर मधेच कुणीतरी विचारेल, ‘या बाईंचं शिक्षण काय?’ शाळेत चौथीपर्यंत. पुढचं सगळं चुलीपुढे, वाण्याच्या पुड्यांच्या कागदापासून सुरुवात करून. बाहेरून मॅट्रिकला बसले ती माझ्या थोरल्या मुलाबरोबर, एकाच वर्षी. मला जास्त मार्क पडले. तो अजून त्या विषयावर बोलत नाही! पुढे पनवेलच्या एका खाजगी शाळेत ग्रंथालय सांभाळलं. निवृत्त झाले तरी संस्थेनं मला सोडलं नाही, कारण कुठल्या कपाटात काय आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मास्तर, मुलं, पालक, सगळे मला अक्का म्हणायचे. तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्याजोगं नाही.

\*

किल्लारीला भूकंप झाला. गावंच्या गावं गाडली गेली. त्यावर मी हसत नाहीये, हे आधीच सांगते. मी हसतेय ते त्यानंतर आमच्याकडे जे आलं त्यावर. आमच्याकडे परिपत्रक आलं.

विद्यार्थ्यांना भूकंपाची कारणं आणि सुरक्षिततेचे उपाय शिकवावेत. हेडसरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. पहिला प्रश्न आला, ‘परीक्षेला आहे का सर?’

‘नाही.’

‘मग तास कधीचा?’

‘ऑफ पिरियडला घ्यायचा.’

झालं! सगळ्यांच्या माना एकदम वह्या तपासायला खाली गेल्या. एकटे पी.टी.चे म्हात्रेसर मान वर ठेवून होते. ते रोज शिरढोणहून सायकल मारत यायचे, गळ्यात शिट्टी घालूनच. ते म्हणाले, ‘सर, आपल्याकडं भूकंप कुठं होतो? आपल्याकडं पूर येतो. पुराचं परिपत्रक मागवा ना.’

हेडसर म्हणाले, ‘अक्कांना देऊ. त्या नाहीतरी नुसत्या वाचतच बसलेल्या असतात.’

ग्रंथालयात बसून वाचणं म्हणजे रिकामपण, हे मला त्या दिवशी अधिकृतरीत्या कळलं!

\*

कारणांचा भाग मात्र विज्ञानाच्या कुलकर्णीबाईंनी घेतला. बी.एस्सी. बी.एड. होत्या, शिवाय फळ्यावरचं अक्षर सुरेख. भूपट्ट म्हणजे काय, ते एकमेकांवर कसे घासतात, सगळं रंगीत खडूनं काढलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. छान शिकवलं, उगाच नावं ठेवणार नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘मग सांगा, भूकंप का होतो?’

अर्ध्या वर्गानं हात वर केले. एकीला उभं केलं. ती म्हणाली, ‘शेषनाग फणा हलवतो, म्हणून.’

बाई म्हणाल्या, ‘अगं, आत्ता काय शिकवलं?’

‘पण बाई, माझी आजी सांगते.’

कुलकर्णीबाईंनी डस्टर खाली ठेवलं, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि समजुतीनं म्हणाल्या, ‘घरी शेषनागच म्हणायचं हं. मोठ्यांना उलट बोलू नये. पेपरात मात्र भूपट्ट लिहायचं!’

पुढच्या तासाला मी स्टोव्ह घेऊन गेले. दूध तापवलं. साय धरली, फुगली, मधोमध फाटली, एक तुकडा दुसऱ्याखाली गेला. म्हटलं, ‘बघा, आपण या सायीवर बसलोय.’ मुलं थक्क झाली. हेडसर दारातून बघत होते. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘अक्का, प्रयोग चांगला होता. पण ते दूध स्टाफच्या चहाचं होतं.’

\*

सुरक्षिततेची एक पुस्तिका आली होती. गुळगुळीत कागद, चित्रातलं कुटुंब हसतमुख. भूकंपाच्या वेळी माणसं एवढी आनंदात का असतात कोण जाणे! त्यात पहिलाच उपाय होता: घरातल्या मजबूत टेबलाखाली आसरा घ्यावा.

मी सातवीत वाचून दाखवलं. विचुंब्याच्या अलीकडे वीटभट्ट्या होत्या, तिथल्या कातकऱ्यांची एक मुलगी वर्गात होती, सोनी. भट्टी पेटली की शाळा बुडायची, भट्टी थंडावली की यायची. तिनं हात वर केला.

‘अक्का, टेबल नाय आमच्यात.’

‘मग पलंग? खाट?’

‘नाय.’

‘बरं, मग घरात मजबूत असं काय आहे?’

सोनीनं मनापासून विचार केला. मग म्हणाली, ‘आमच्यात सगल्यात मजबूत माझी आजी हाय. तिच्याखाली बसू?’

वर्ग हसला. मीही हसले. मग घरी येऊन ती पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. ‘टेबल नसल्यास’ असा मुद्दा कुठेच नव्हता. बरोबरच आहे! लिहिणाऱ्याकडे टेबल असणारच, त्याशिवाय त्यानं लिहिलं कशावर?

\*

माझी कीर्ती पसरली आणि नवीन पनवेलच्या एका सोसायटीच्या महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. सगळी मुंबईहून येऊन फ्लॅट घेतलेली मंडळी. गच्चीत सतरंजी, समोर समई, मला नारळ.

मी म्हटलं, ‘डोक्यावर पडेल असं जड काही भिंतीला लावून ठेवू नका. शोकेस, आरसे, पितळी घंगाळं, सगळं खाली उतरवा.’

एकीचा चेहरा पडला. तिच्याकडे म्हणे भिंतभर शोकेस होतं, आत जपानी बाहुल्या. ती म्हणाली, ‘पण अक्का, वेळ कमी असला तर आधी काय बाहेर काढायचं? म्हणजे, सासूबाईंना उठायला वेळ लागतो.’

सासूबाई पहिल्या रांगेतच बसल्या होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, ‘शोकेसच काढ गं आधी. ते तुझ्या माहेरचं आहे!’

पुढचं भाषण कुणी ऐकलं नाही.

\*

आता गेटाकडे येते. बाकीचे किस्से हसण्यावारी न्या, पण या गेटापायी माझी झोप उडाली होती.

आमची शाळा तीन मजली. जिना एकच. जिन्याच्या तळाला जाळीचं सरकतं लोखंडी गेट. पूर्वी कधीतरी दोन-चार पोरं मधल्या तासाला पळून टीव्हीच्या दुकानापुढे क्रिकेट बघत उभी राहिली, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांनी ते गेट शाळेला भेट दिलं. प्रार्थना झाली की कुलूप लागायचं, ते सुटीच्या घंटेला उघडायचं. दादासाहेबांचा धंदा खडी, सिमेंट आणि कंत्राटं. गावाबाहेर स्वतःची दगडखाण. शाळेची इमारतही त्यांनीच बांधलेली. पावसाळ्यात तिच्या छताचा गिलावा आमच्या चहात पडायचा.

गेट नुसतं भेट नव्हतं. त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव होतं. एकेका उभ्या पट्टीवर एकेक पितळी अक्षर जोडलेलं. गेट बंद केलं की रस्त्यावरून सरळ वाचता यायचं: ‘कै. तात्यासाहेब यांच्या स्मरणार्थ’. गेट उघडलं की सगळ्या पट्ट्या एकमेकींना भिडायच्या आणि तात्यासाहेबांची घडी व्हायची.

किल्ली धर्माकडे. धर्मा आमचा शिपाई, गाव ओवे. गेटाच्या बाहेर स्टुलावर बसायचा आणि त्याला एकच वाक्य यायचं: ‘चिठ्ठी?’ मधल्या वेळी कुणाला बाहेर जायचं तर हेडसरांची सही आणि शाळेचा शिक्का असलेली चिठ्ठी लागे. हा दादासाहेबांचा नियम. एकदा कुलकर्णीबाईंना निरोप आला, सासरे घरात पडले. बाई धावत खाली. धर्मा म्हणाला, ‘चिठ्ठी?’ बाई वर गेल्या, सही घेतली, खाली आल्या. ‘शिक्का?’ पुन्हा वर. बाई घरी पोचेपर्यंत सासरे उठून, चहा पिऊन, पत्ते खेळायला गेले होते!

तेव्हा हसलो. पण मी भूकंपाचं वाचायला लागले आणि डोक्यात एकच चित्र बसलं. वर सगळी शाळा, खाली कुलूप, आणि कुलपाबाहेर धर्मा.

\*

मी हेडसरांना म्हटलं, ‘नुसतं शिकवून भागणार नाही. सराव करा. मुलं खरंच बाहेर पडतात का ते बघा.’

सराव ठरला. इशारा काय, तर लांब घंटा. दुपारी लांब घंटा झाली. मुलं बाकाखाली गेलीच नाहीत. दप्तरं उचलली, जिना उतरली. धर्मानं शिस्तीत गेट उघडलं. आणि शाळा घरी गेली! कारण आमच्याकडे लांब घंटा म्हणजे सुटी. मुलांबरोबर दोन शिक्षकही गेले. दुसऱ्या दिवशीही त्यांना वाटत होतं, कुणीतरी पुढारी वारला.

हेडसरांनी वर अहवाल पाठवला: ‘सराव यशस्वी. इमारत विक्रमी वेळात रिकामी.’

\*

मग घंटा रद्द झाली. इशारा म्हणून म्हात्रेसरांची शिट्टी ठरली. म्हात्रेसरांना आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. शिट्टी झाली, मुलं बाकाखाली गेली, दुसरी शिट्टी झाली, मुलं व्हरांड्यात आली. इथवर झकास.

आणि म्हात्रेसर गरजले, ‘उंचीपरमाने उभे ऱ्हा! एका हाताचं अंतर! सावधान!’

मी म्हटलं, ‘अहो सर, छत पडतंय!’

‘पडू द्या अक्का. रांग वाकडी चालनार नाय.’

एका बुटक्या मुलाला पुढे यायचं होतं, एका उंचाला मागे जायचं होतं, दोघं मधे अडकले. सावधान, विश्राम, पुन्हा सावधान. तास संपेपर्यंत एकही मूल जिन्यापर्यंत पोचलं नाही. हेडसर खूष. ‘बघा, गेटाचा प्रश्नच येत नाही!’

\*

मी तडक दादासाहेबांच्या ऑफिसात गेले. टेबल एवढं मोठं की त्याखाली सोनीची अख्खी भट्टी बसली असती.

‘दादासाहेब, दिवसा गेटाला कुलूप नको.’

‘अक्का, पोरं पळतील.’

‘भूकंपात पळायलाच हवीत.’

‘तुम्ही फार वाचता हो,’ ते हसत म्हणाले. ‘कुलूप काढलं की धर्मा गेट सरकवणार. सरकवलं की नाव दुमडणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला वडिलांचं नाव दिसलं पाहिजे. भावनेचा प्रश्न आहे.’

‘आणि आतल्या मुलांच्या आयांच्या भावना?’

‘त्यांनी काही गेट दिलेलं नाही.’

मी उठले. दारातून मागे वळून म्हटलं, ‘दादासाहेब, ते नाव तुम्ही नेहमी रस्त्यावरून बघता. एकदा आतून बघा.’

मला म्हणाले, ‘चहा घेऊन जा.’ नाही घेतला.

\*

आता शेवटचं. संस्थेला हुरूप आला आणि भूकंप सुरक्षा कार्यक्रम थाटात करायचं ठरलं. मुंबईहून एक तज्ज्ञ आणले. छापील आमंत्रणपत्रिका, शाल, श्रीफळ, सगळी समिती दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीच्या मोठ्या वर्गात, मागे सातवी-आठवीची मुलं. मी हेडसरांना दोनदा म्हटलं, आज तरी गेट उघडं ठेवा. ते म्हणाले, ‘आजच? आज पाहुणे येणार, नाव दिसायला नको?’

कार्यक्रम सकाळचा. पाहुणे उशिरा आले, हार उशिरा आले, त्यामुळे तज्ज्ञ बोलायला उभे राहिले तेव्हा दुपार टळटळीत भरली होती. आणि पनवेलच्या शाळेत बसणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत आहे की भर दुपारी खाणीत सुरुंग उडतात. खिडक्यांची तावदानं वाजतात, फळ्यावरची खडूची पूड झडते, आणि पोरं मानसुद्धा वर करत नाहीत. मुंबईच्या माणसाला हे कोण सांगणार? दादासाहेबांनी त्या दिवशी खाणीवर निरोप धाडायला हवा होता. हारांच्या गडबडीत राहिला.

तज्ज्ञ म्हणत होते, ‘सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घाबरून जिन्याकडे धावू नका. जिना ही सर्वांत धोक्याची...’

धडाम्!

तावदानं खणखणली. छताच्या गिलाव्याचा एक पापुद्रा सुटला आणि तज्ज्ञांच्या टकलावर पडला. पुढे काय झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. तज्ज्ञ शालीसकट जिन्याकडे धावले. दादासाहेब त्यांच्यामागे, ‘साहेब, सुरुंग आहे! सुरुंग! आपलाच आहे!’ म्हणत. अध्यक्ष धावले म्हणून समिती धावली. समिती धावली म्हणून हेडसर धावले. म्हात्रेसरांना काय करावं ते सुचेना, त्यांनी सवयीनं शिट्टी मारली. आणि सगळी मुलं शहाण्यासारखी बाकाखाली गेली.

बाकाखालून सोनी म्हणाली, ‘अक्का, सुरुंग हाय ना?’

‘होय गं. पण बस अशीच. छान बसलीस.’

मी शांतपणे जिन्यापर्यंत गेले आणि कठड्यावरून खाली पाहिलं. जाळीला सगळ्यांत पुढे तज्ज्ञ, त्यांना खेटून दादासाहेब, दोघांच्या पाठीवर समिती, आणि पहिल्या मजल्यापर्यंत नुसती डोकी. मागचे ढकलत होते, पुढचे ओरडत होते. गेटाबाहेर धर्मा स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

‘उघडा! उघडा!’ तज्ज्ञ जाळी हलवत होते.

धर्मा म्हणाला, ‘चिठ्ठी?’

‘अरे, मी आहे मी!’ दादासाहेब ओरडले.

‘दिसतंय साहेब. चिठ्ठी?’

‘गाढवा, हा नियम मीच केलाय!’

‘म्हनून तर इचारतोय.’

दादासाहेबांचा गाल जाळीत रुतला होता. कसंबसं खिशातून पेन काढलं, आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी खरडलं, आणि ती जाळीतून बाहेर सरकवली. धर्मानं ती लांब धरली, जवळ धरली, नीट वाचली.

‘सही बराबर हाय,’ तो म्हणाला. ‘शिक्का नाय.’

शिक्का दुसऱ्या मजल्यावर, हेडसरांच्या खणात. हेडसर जिन्यात मधोमध, मागेही जाता येईना, पुढेही.

मी वरून म्हटलं, ‘दादासाहेब, कसं दिसतंय नाव आतून?’

शेवटी मीच वरून सांगितलं, ‘धर्मा, उघड रे बाबा.’ तेव्हा त्यानं उघडलं.

त्यानंतर हुकूम कुणी काढला, काढला की नाही, मला ठाऊक नाही. सोमवारी शाळेत आले तेव्हा कुलूप नव्हतं. धर्मानं गेट भिंतीपर्यंत सरकवून सुंभानं घट्ट बांधून टाकलं होतं. पट्ट्या एकमेकींवर चढल्या, अक्षरांवर अक्षरं बसली, आणि तात्यासाहेबांच्या नावातलं भिंतीकडचं पहिलं तेवढं वाचता येत राहिलं: ‘कै.’

जूनमध्ये नवीन प्रवेश सुरू झाले. एक बाई पाचवीतल्या मुलीचा हात धरून आली. जिन्यापाशी थांबली, त्या अक्षराकडे जरा वेळ बघत राहिली आणि धर्माला म्हणाली, ‘काय हो, हे नुसतंच कै. लिहिलंय. कोण वारलं?’

धर्मा स्टुलावरून न उठता म्हणाला, ‘आजून कोनी नाय.’